एकही गोळी न झाडता : गोव्यातल्या इंग्रज फौजेची चौदा वर्षे

४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडले आणि टिपू सुलतान मारला गेला, हे शाळेत इतिहास शिकलेल्या कुणालाही ठाऊक असते. त्याच वर्षी इंग्रजांची फौज गोव्यात उतरली आणि मांडवी-झुआरीच्या मुखावरच्या किल्ल्यांत मुक्काम ठोकून बसली, हे मात्र गोव्यात जन्मलेल्यांपैकीही थोड्यांनाच माहीत असते. लढाई झाली नाही. शरणागतीचा तह झाला नाही. पोर्तुगीज निशाण उतरले नाही, गव्हर्नर जागचा हलला नाही, महसूल त्याच्याच माणसांनी गोळा केला, न्यायनिवाडे त्याच्याच कचेऱ्यांत झाले. तरीही समुद्रावरून गोव्यात कोण येणार आणि कोण नाही, हे ठरवण्याची ताकद १८१३ पर्यंत परक्या फौजेच्या हातात होती. या चौदा वर्षांवरचा लेखसंग्रह मराठीत येत आहे. वाचकाला या विषयाच्या उंबरठ्यावर आणून सोडणे, एवढेच या प्रस्तावनेचे काम.

आधी नकाशा समोर घ्यावा. मांडवी आणि झुआरी या दोन नद्या जवळजवळ शेजारी शेजारी समुद्राला मिळतात. दोघींच्या मधे तिसवाडी बेटाचे टोक समुद्रात घुसलेले आहे. ते काबो. आज तिथे गोव्याच्या राज्यपालांचे निवासस्थान आहे. त्या काळी फ्रान्सिस्कन संन्याशांचा मठ आणि मेरीचे देऊळ होते. मांडवीच्या उत्तर काठावर १६१२ साली बांधलेला आग्वादचा किल्ला, झुआरीच्या दक्षिण काठावर मुरगाव. पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी वाळूचा दांडा धरतो आणि मोठी गलबते आत येईनाशी होतात, तेव्हा आसरा मुरगावचाच. म्हणजे आग्वाद, काबो आणि मुरगाव या तीन जागा ज्याच्या हाती, त्याच्या हाती बाराही महिने गोवा. इंग्रजांनी पणजी मागितली नाही, जुने गोवे मागितले नाही, बारदेश-सासष्टीच्या गावांकडे ढुंकूनही पाहिले नाही. त्यांनी दाराची कडी तेवढी आपल्याकडे घेतली.

हे का घडले ते समजायला दूरचे धागे जुळवावे लागतात. १७९८ च्या जानेवारीत मॉरिशसच्या फ्रेंच गव्हर्नरने टिपूच्या वकिलांच्या भेटीनंतर जाहीरनामा काढला आणि टिपू-फ्रेंच मैत्रीचा बोभाटा झाला. त्याच वर्षी जुलैत नेपोलियन इजिप्तमध्ये उतरला. नुकताच आलेला गव्हर्नर जनरल रिचर्ड वेलस्ली याला पश्चिम किनाऱ्यावर फ्रेंच उतरण्याची धास्ती होती, आणि उतरायचे तर गोव्याइतके सोयीचे बंदर दुसरे नव्हते. गोव्यात फ्रेंचांचे लागेबांधे जुने होते. पणजीचे म्हामाय कामत हे सारस्वत घराणे फ्रेंचांचे दलाल म्हणून काम करत होते. पोर्तुगाल इंग्लंडचा १३७३ पासूनचा दोस्त. पण फ्रान्स आणि स्पेन यांच्या दाबाखाली तो कधी वाकेल याचा नेम नव्हता, आणि १८०१ साली स्पेनने केलेल्या छोट्याशा युद्धात तो वाकलाही. लिस्बनचा हुकूम गोव्यात पोचायला कित्येक महिने लागत. तेव्हा गव्हर्नर फ्रान्सिस्को आंतोनियो दा व्हेगा काब्राल याला निर्णय आपल्याच जबाबदारीवर घ्यावा लागला. पोर्तुगीजांच्या लेखी ही दोस्ताने पाठवलेली मदतफौज होती. सर विल्यम क्लार्क तिचा सेनापती होता.

मराठी वाचकाला इथे तैनाती फौजेची आठवण होईल, आणि ती रास्तही आहे. १७९८ मध्ये निजामाने आणि १८०२ च्या अखेरीस वसईच्या तहाने दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांची फौज आपल्या दारात ठेवून घेतली. व्यवस्था लावणारा वेलस्लीच. पण फरकही बघायला हवा. निजामाचे आणि पेशव्याचे परराष्ट्र धोरण तहाने बांधले गेले, फौजेच्या खर्चासाठी मुलूख तोडून दिला गेला. गोव्यात मुलूख तोडला नाही, पोर्तुगालचे सार्वभौमत्व कागदोपत्री अबाधित राहिले. एकाच माणसाच्या एकाच धोरणाची ही दोन रूपे शेजारी शेजारी ठेवून पाहिली, की हिंदी राजा आणि युरोपीय राजा यांच्याशी वागताना कंपनीची मापे कशी बदलत, ते उघड होते. या संग्रहाचा सगळ्यात मोलाचा भाग मला हाच वाटला.

युद्धकाळात बंदर बिनलढाईने ताब्यात घेण्याचा प्रकार गोव्यापुरता नव्हता. अभ्यासकांनी आजवर पाहिलेल्या उदाहरणांचे ढोबळ तीन गट पाडता येतात.

पहिला गट दोस्ताच्या बंदराचा. पोर्तुगालचेच मदेरा बेट इंग्रजांनी १८०१ साली ताब्यात घेतले, १८०२ मध्ये सोडले आणि डिसेंबर १८०७ मध्ये पुन्हा घेतले. दुसऱ्या खेपेला त्यांनी सरळ आपले निशाण चढवले. काही महिन्यांनी मुलकी कारभार पोर्तुगीजांना परत दिला, फौज मात्र १८१४ पर्यंत राहिली. दोस्ती आणि मालकी यांच्यामधली रेघ किती पुसट असते, याचा दाखला मदेरात जितका स्वच्छ मिळतो तितका गोव्यातही मिळत नाही.

दुसरा गट दुबळ्या शत्रूच्या बंदराचा. डेन्मार्कशी बिनसताच इंग्रजांनी तमिळ किनाऱ्यावरचे तरंगमबाडी आणि हुगळीकाठचे सेरामपूर १८०१ मध्ये आणि पुन्हा १८०८ मध्ये घेतले. प्रतिकार करण्याइतके बळ तिथे नव्हतेच. १८१५ मध्ये दोन्ही ठाणी परत दिली गेली, आणि १८४५ साली डेन्मार्कने ती विकून टाकली. बिनरक्ताच्या ताब्यानंतर मालक परत येतो, पण व्यापार परत येईलच असे नाही, हे तिथे दिसले.

तिसरा गट तटस्थाच्या बंदराचा, आणि त्याची उदाहरणे विसाव्या शतकातली. १० मे १९४० च्या पहाटे ब्रिटिश मरीन सैनिक आइसलंडच्या रेक्याविक बंदरात उतरले. आइसलंडच्या सरकारने निषेधाचा खलिता दिला आणि लोकांना शांत राहायला सांगितले. पुढच्या वर्षी त्यांची जागा करार करून अमेरिकी फौजेने घेतली. डिसेंबर १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियन आणि डच सैन्य पोर्तुगीज तिमोरच्या दिली बंदरात असेच निषेध ऐकून घेत उतरले. जपानी आक्रमणापासून बचाव हे कारण सांगितले गेले, आणि दोनच महिन्यांत जपानी तिथे आलेच.

या तिन्हींत न बसणारे उदाहरण मकाऊचे. १८०८ च्या सप्टेंबरात अ‍ॅडमिरल ड्रुरीने गोव्याचाच कित्ता गिरवत मकाऊत सैनिक उतरवले. पोर्तुगीजांना विचारले, पण जमिनीचा खरा धनी जो चीनचा बादशहा, त्याला विचारलेच नव्हते. चिन्यांनी व्यापार थांबवला, आणि डिसेंबरात ड्रुरीला निमूटपणे निघून जावे लागले. गोव्यात जे चौदा वर्षे टिकले ते मकाऊत चार महिनेही टिकले नाही. संमती कुणाची, हा प्रश्न तिथे चिन्यांनी व्यापाराची नाडी आवळून विचारला. गोव्याभोवती तो विचारण्याइतकी ताकद कुणात उरली नव्हती. टिपू गेला होता, कारवारचा किनारा कंपनीकडे आला होता, पुण्याचे आणि शिंदे-होळकरांचे आपसातच जुंपले होते.

आता अभ्यासाची वाट कशी घडत गेली ते पाहू. या विषयावर लिहिणाऱ्यांचे चार संप्रदाय मानता येतील.

सगळ्यात जुना राजनैतिक पत्रव्यवहारावर उभा असलेला. वेलस्ली बंधूंची पत्रे छापली गेली, तेव्हा धाकट्या आर्थरने १८०० सालच्या बंडखोर धोंडिया वाघावरच्या मोहिमेत गोव्यातल्या क्लार्कशी केलेला पत्रव्यवहारही वाचायला खुला झाला. पोर्तुगीज बाजूने कुन्हा रिव्हारा यांनी एकोणिसाव्या शतकात गोव्याची दप्तरे छापायला सुरुवात केली. विसाव्या शतकात पांडुरंग पिसुर्लेकरांनी गोव्याच्या दप्तरखान्याला शिस्त लावली आणि मराठे-पोर्तुगीज संबंधांचा कागदोपत्री पाया घातला. या संप्रदायाची भिस्त कागदावर आणि त्याचे दुबळेपणही तिथेच. कागद लिहिणारे दोन्हीकडचे साहेब. त्यात फौजेच्या हालचाली मिळतात, फौजेला भात पुरवणारा सापडत नाही.

दुसरा संप्रदाय कायदेपंडितांचा. १९०७ च्या हेगच्या नियमांनी लष्करी ताब्याची व्याख्या केली ती शत्रूच्या सैन्याचा प्रत्यक्ष अंमल या कसोटीवर. ही कसोटी लावली तर गोव्याचा ताबा हा ताबाच ठरत नाही, कारण फौज शत्रूची नव्हती. दुसऱ्या महायुद्धाने ही व्याख्या तोकडी पाडली. डेन्मार्क जवळजवळ न लढता जर्मनांच्या हाती गेला होता, म्हणून काय तिथल्या लोकांना संरक्षण नको? १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा करारात म्हणूनच स्पष्ट लिहिले गेले की सशस्त्र प्रतिकार झाला नसला तरी कराराचे नियम लागू होतात. पुढे अ‍ॅडम रॉबर्ट्स आणि एयाल बेनव्हेनिस्ती यांच्यासारख्यांनी ताब्याचे प्रकार लावून दाखवले, त्यात संमतीने झालेल्या ताब्याचाही विचार आला. या मंडळींनी दिलेला मोठा धडा असा की संमती ही हो किंवा नाही अशी नसते. ती कुणी, कोणत्या दडपणाखाली आणि किती मुदतीची दिली, हे तपासावे लागते.

तिसरा संप्रदाय आर्थिक इतिहासाचा, आणि गोव्यापुरते बोलायचे तर सगळ्यात फळलेला. सेल्सा पिंटो यांनी १७७० ते १८४० या काळातला पोर्तुगीज हिंदुस्थानचा व्यापार आणि पैसा उलगडून दाखवला. एर्नेस्तीन कारेरा यांनी फ्रेंच धागा धरून गोव्याचे सागरी जाळे मांडले. पणजीच्या म्हामाय कामतांच्या घरातली कागदपत्रे तेओतोनियो डिसोझा यांनी अभ्यासात आणली, तेव्हा फ्रेंच गुलाम-व्यापारातला गोव्याचा वाटाही पुढे आला. या लिखाणातून या काळाचे वेगळेच चित्र उभे राहते. माळव्याची अफू मुंबईतून बाहेर जाऊ नये म्हणून कंपनीने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी निर्बंध घातले. अफूने गोवा-दमणची वाट धरली आणि ती मकाऊकडे जाऊ लागली. रोजेरियो दी फारियासारखा मुंबईत राहणारा गोंयकार व्यापारी या धंद्यात मोठा झाला. मुखाशी इंग्रज तोफा आणि आत इंग्रजांनाच नको असलेला व्यापार, असे हे नाते होते. सत्ता किल्ल्यावर असली तरी पेढीवर असतेच असे नाही.

चौथा संप्रदाय सर्वात नवा, सामान्य माणसाच्या अंगाने लिहिणारा. फ्रान्समधल्या जर्मन ताब्याविषयी रॉबर्ट पॅक्स्टन यांनी १९७२ मध्ये लिहिले, तेव्हापासून सहकार्य, तडजोड आणि विरोध यांच्यामधल्या करड्या पट्ट्याकडे अभ्यासकांचे लक्ष गेले. गोव्यात हा प्रश्न अजून नीट विचारला गेलेला नाही. फौज म्हटली की तांदूळ, सरपण, मांस, दारू, धुणी, नोकरचाकर, होड्या, भाषा कळणारा माणूस, हे सगळे आले. हे पुरवले कुणी? त्यातून कुणाचे घर वर आले, कुणाची मुलगी नाहीशी झाली, कोणत्या गावात भाव चढले? इंग्रज घरांत आणि जहाजांवर काम करण्याची गोंयकारांची वाट याच वर्षांत रुळली, आणि फौज गेल्यावर ती मुंबईकडे वळली, असे गोव्यातल्या स्थलांतराचे काही अभ्यासक मानतात. धोबीतलावापासून माझगावपर्यंत पसरलेल्या गोंयकारांच्या कुडी म्हणजे सामायिक निवास, बँडवाले, खानसामे, जहाजावरचे तारवटी यांचा इतिहास लिहिणाऱ्याला म्हणूनच काबोच्या छावणीपाशी थांबावेच लागते.

एक प्रसंग जवळून पाहण्यासारखा आहे, कारण त्यात सगळे धागे एकत्र येतात. जानेवारी १८०८ मध्ये क्लॉडियस बुकॅनन हा इंग्रज धर्मोपदेशक गोव्यात आला. तो उतरला इंग्रज रेसिडेंट कॅप्टन स्कायलरच्या घरी. फौजेचा मुख्य होता ७८ व्या रेजिमेंटचा कर्नल अ‍ॅडम्स, बुकॅननच्या बंगालमधल्या ओळखीचा. दोघांनी त्याला पोर्तुगीज व्हाइसरॉयकडे नेऊन भेटवले. मग हा पाहुणा जुन्या गोव्यात ऑगस्टिनियन मठात राहायला गेला, ज्याच्या घरचे अन्न खायचे तो यजमान होता इन्क्विझिशनचा, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाचा, न्यायाधीश जोसेफस आ डोलोरिबुस. बुकॅननच्या सामानात शंभराहून अधिक वर्षांपूर्वी त्याच इन्क्विझिशनच्या कोठडीत सडलेल्या देलाँ या फ्रेंच वैद्याचे पुस्तक होते. त्याने यजमानाला त्यातल्या गोष्टी खऱ्या का म्हणून विचारले आणि कोठड्या दाखवा असा हट्ट धरला. कोठड्या त्याला दाखवल्या गेल्या नाहीत. पण असा प्रश्न न्यायाधीशाच्याच घरात बसून विचारण्याचे धैर्य एखाद्या परक्याला पूर्वी झाले असते का? आणखी एक गोष्ट त्या खोलीतल्या कुणालाच ठाऊक नव्हती. आदल्या नोव्हेंबरच्या अखेरीस फ्रेंच सेनापती जुनो लिस्बनमध्ये शिरला होता आणि पोर्तुगालचा राजपरिवार इंग्रज जहाजांच्या सोबतीने ब्राझीलच्या वाटेला लागला होता. ज्या सत्तेच्या नावाने गोव्याचा कारभार चालला होता, तिला आता स्वतःची राजधानीच उरली नव्हती.

बुकॅननचे पुस्तक १८११ मध्ये निघाले आणि इंग्लंडात गाजले. १८१२ मध्ये व्हाइसरॉय सार्झेदासच्या कारकिर्दीत गोव्याचे इन्क्विझिशन बंद झाले. १५६० पासून, मधली चारपाच वर्षे वगळता, चाललेली ही संस्था संपली. हे श्रेय इंग्रज फौजेला द्यायचे का? मला ते घाईचे वाटते. पोर्तुगालमधलीच उदारमतवादी हवा आणि इंग्लंडशी १८१० मध्ये झालेला तह हेही त्यामागे होते. पण तोफा मुखाशी असताना इंग्रजांच्या सूचनेला वेगळेच वजन येते, हेही खरे.

फौजेच्या मुक्कामाचे मूळ कारण फ्रेंचांचे भय होते. डिसेंबर १८१० मध्ये मॉरिशस इंग्रजांनी जिंकले, आणि त्या भयात फारसा अर्थ उरला नाही. फौज मात्र आणखी दोन वर्षांहून अधिक काळ राहिली. त्या दोन वर्षांत काय घडले? १८१२ मध्ये कोल्हापूरकरांकडून मालवण आणि सावंतवाडीकरांकडून वेंगुर्ले कंपनीला मिळाले. दक्षिणेला कारवार आधीच होते. गोव्याच्या दोन्ही अंगांचा किनारा इंग्रजांचा झाल्यावर गोव्याच्या किल्ल्यांत बसून राहण्याची गरजच राहिली नाही. सांगितलेले कारण संपल्यावरही ताबा चालू राहतो आणि न सांगितलेले काम झाल्यावरच तो उठतो, असा अर्थ मी या तारखांच्या जुळणीतून लावतो. संग्रहातले सगळे लेखक याच्याशी सहमत नाहीत, आणि त्यांची बाजूही पुस्तकात नीट मांडलेली आहे.

हा विषय आज का वाचायचा? पहिले कारण गोव्याचेच. मार्च १९४३ मध्ये मुरगावच्या तटस्थ बंदरातल्या जर्मन जहाजांवर कलकत्त्याच्या हौशी स्वारांनी छापा घातला. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्य गोव्यात आले, तेव्हा शेवटपर्यंत लढण्याचा सालाझारचा हुकूम गव्हर्नर वासालो ई सिल्वाने पाळला नाही. आपल्या बंदराचे काय करायचे हे लिस्बनला की गोव्यातल्या अधिकाऱ्याला ठरवायचे, हा १७९९ चाच पेच होता. दुसरे कारण जगाचे. २०१४ मध्ये क्रिमियात कोणतीही निशाणी न लावलेले सैनिक आले आणि जवळजवळ गोळी न झाडता सेव्हास्तोपोलसह सारा प्रदेश रशियाकडे गेला. जिबूतीच्या बंदराभोवती आज अमेरिका, फ्रान्स, जपान आणि चीन यांचे तळ त्या देशाच्या संमतीने उभे आहेत. ‘रक्त सांडले नाही’ आणि ‘त्यांनीच बोलावले’ ही दोन वाक्ये ऐकली की आपण निर्धास्त होतो. तसे होऊ नये, एवढे शहाणपण गोव्याच्या या चौदा वर्षांतून नक्की घेता येते.

संग्रहाने काय साधायचे ठरवले आहे तेही सांगतो. गोव्यातल्या इंग्रज फौजेचा दिवसवार वृत्तान्त इथे मिळणार नाही. इंग्रजांना खलनायक किंवा पोर्तुगीजांना बिचारे ठरवण्याचाही हेतू नाही. दोन परक्या सत्ता एकमेकींशी अदबीने बोलत असताना ज्यांच्या जमिनीवर हे चालले होते, त्यांना मधे आणून बसवणे हे या लेखकांचे काम आहे. त्यासाठी त्यांनी पोर्तुगीज आणि इंग्रजी दप्तरांच्या जोडीला पेढ्यांचे कागद, चर्चच्या नोंदी आणि दोना पावलाच्या चढावरची इंग्रजांची जुनी दफनभूमी यांना साक्षीला घेतले आहे. फौजेचा म्हणून डोळ्यांना दिसणारा ठळक अवशेष ती दफनभूमीच. तिच्या दगडांवर साहेबांची, त्यांच्या बायकामुलांची नावे आहेत. त्यांच्या चुली पेटवणाऱ्यांचे नाव नाही.

ते नाव कागदांतच कुठेतरी असणार. कोकण आणि गोव्यातल्या कित्येक घरांत मोडीची बाडे अजून माळ्यावर पडून आहेत. फौजेला भात विकल्याची, होडी भाड्याने दिल्याची, कुणी ‘साहेबाकडे’ चाकरीला गेल्याची एखादी ओळ त्यांत निघू शकते. वाचकांना माझी विनंती आहे की अशी बाडे रद्दीत घालू नयेत. वाचता येत नसली तरी मोडी जाणणाऱ्याला किंवा जवळच्या दप्तरखान्याला दाखवावीत. या पुस्तकाची पुढची आवृत्ती याहून चांगली निघायची असेल, तर तिचे अर्धे साहित्य वाचकांच्याच घरातून यावे लागेल.